तळहातापलीकडचा लाल उजेड: विखुरलेल्या प्रकाशाने शरीरात डोकावण्याचा इतिहास

१/
अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटे घट्ट मिटून धरा. बोटांच्या कडा लालबुंद उजळतील, पण आतले हाड दिसणार नाही. प्रकाश आरपार आला हे तर डोळ्यांसमोर आहे. मग हाडाची सावली गेली कुठे? प्रश्न पोरकट वाटतो. परंतु त्याचे उत्तर रुग्णाच्या उपयोगी पडेल इतके नीट समजून घेण्यास वैद्यकाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. आजचा धागा या दीर्घ प्रवासाविषयी आहे. मेणबत्तीपासून निघून तो आपल्या घरातल्या ऑक्सिमीटरपर्यंत आणि अखेरीस आपल्या त्वचेच्या रंगापर्यंत पोहोचतो.

२/
आधी दोन संज्ञा स्पष्ट करून घेऊ. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरला की त्याचे दोन प्रकारे होते. एक तर तो शोषला जातो, नाहीतर कणाकणावर आपटून त्याची दिशा बदलते, म्हणजे तो विखुरतो. शाईच्या पाण्यात शोषण अधिक, दुधात विखुरणे अधिक. दूध प्रकाश फारसा गिळत नाही, तरीही पेल्यापलीकडची वस्तू दिसत नाही. लाल प्रकाशाच्या दृष्टीने मानवी मांस हे शाईपेक्षा दुधाच्या जवळचे आहे. पुढचा सारा इतिहास या एका वाक्यावर उभा आहे, आणि बराच काळ हे वाक्य कोणालाच नेमके ठाऊक नव्हते.

३/
आरंभ लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये होतो. मूत्रपिंडाच्या विकाराला ज्याचे नाव पुढे दीर्घकाळ चिकटून राहिले तो रिचर्ड ब्राइट हा तेथील वैद्य. १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रुग्णवृत्तांतांत त्याने जेम्स कार्डिनल नावाच्या माणसाची हकिकत दिली आहे. कार्डिनलच्या डोक्यात बालपणापासून पाणी साचत गेले होते आणि डोके प्रचंड वाढले होते. तरीही तो जवळपास तिशीपर्यंत जगला व १८२५ मध्ये वारला. त्याच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली असता कवटी अर्धपारदर्शक दिसे, अशी नोंद ब्राइटने केली. जिवंत माणसाच्या डोक्यातून आरपार गेलेल्या प्रकाशाची ही सर्वांत जुन्या वैद्यकीय नोंदींपैकी एक होय.

४/
हे शक्य झाले, कारण कार्डिनलच्या कवटीत दुधासारखे दाट ऊतक कमी आणि निवळ पाणी जास्त होते. १९ व्या शतकातले पुढचे उपयोगही याच जातीचे आहेत. अंडकोशाच्या सुजेमागे दिवा धरून आत पाणी आहे की भरीव गाठ, हे ओळखण्याची युक्ती टी. बी. कर्लिंगच्या १८४३ च्या ग्रंथात आढळते. आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती टॉर्चने करायला शिकवतात. विजेचे लहान दिवे आल्यावर कान-नाक-घशाचे वैद्य रुग्णाच्या तोंडात दिवा ठेवून गालाखालची पोकळी उजळते का, हे पाहू लागले. जेथे पाणी वा हवा, तेथे प्रकाश चालला. जेथे भरीव मांस, तेथे नुसता लाल धूसरपणा.

५/
८ नोव्हेंबर १८९५ रोजी रंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि प्रकाशाची ही छोटी विद्या झाकोळून गेली. क्ष-किरण शरीरात बहुतांशी सरळ जातात. सरळ जाणाऱ्या किरणांची सावली स्पष्ट पडते, म्हणून हाड हाडासारखे दिसते. १८९६ च्या आरंभी रंटगेनने आपल्या लेखाच्या प्रती व छायाचित्रे ज्या मोजक्या शास्त्रज्ञांना पाठवली त्यांत मँचेस्टरचा आर्थर शुस्टर होता. हे नाव लक्षात ठेवा. क्ष-किरणांची चित्रे सर्वांच्या आधी हाती आलेला हा माणूस आपल्या कथेत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा त्याच्या हाती धुक्याचे गणित असेल.

६/
क्ष-किरण आल्यावरही काहींनी दिवा सोडला नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शल्यवैद्य मॅक्स कटलर याने स्तनाच्या गाठी ओळखण्यासाठी प्रखर दिवा वापरून पाहिला. खोली काळोखी करायची, स्तनाखाली दिवा धरायचा आणि वरून पाहायचे. पाण्याने भरलेली गाठ उजळे, भरीव गाठ वा साकळलेले रक्त काळे दिसे. कल्पना चांगली होती. अडचणी दोन होत्या. दिवा पुरेसा प्रखर केला तर त्वचा भाजण्याची भीती. आणि जे दिसे त्याच्या कडा पुसट. खोलवरची लहान गाठ त्या लाल धुक्यात हरवून जाई.

७/
१९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे शार्ल ग्रो याने हीच पद्धत नव्या साधनांनिशी पुन्हा उभी केली. विशेष म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या, म्हणजे मॅमोग्राफीच्या, विकासातही त्याचा मोठा वाटा होता. पुढे अवरक्त प्रकाश टिपणारे व्हिडिओ कॅमेरे आले, यंत्रे विकली गेली, किरणोत्सर्गाविना तपासणीची आशा निर्माण झाली. मग तुलनात्मक चाचण्या झाल्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील बहुकेंद्री अभ्यासात ही पद्धत मॅमोग्राफीच्या तुलनेत उणी ठरली. ज्या लहान कर्करोगांचा वेळेत शोध लागायला हवा, नेमके तेच निसटत होते.

८/
साठ वर्षांत दिवा सुधारला, कॅमेरा सुधारला. मग चूक कुठे होती? चूक प्रश्नात होती. सगळे जण प्रकाशाकडे क्ष-किरणांसारखी सावली मागत होते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुके दाटले की गाडीचे दिवे कितीही प्रखर करा, वळण दिसत नाही. उलट पांढरी भिंत अधिक झगझगते. मांसात प्रकाशाचा कण साधारण दर एक दशांश मिलिमीटरला आपटतो. एखाद-दोन मिलिमीटरच्या आत तो मूळ दिशा पूर्ण विसरलेला असतो. बोटातल्या हाडाची सावली तिथेच विरघळते. दिवा वाढवून हे सुटणारे नव्हते.

९/
याच काळात शेजारून दुसरा प्रवाह वाहत होता. त्याला आकारात रस नव्हता. त्याला रंग हवा होता. १८६० च्या दशकात जर्मनीत फेलिक्स होप-झायलर आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी रक्ताच्या वर्णपटाचा अभ्यास केला. होप-झायलरने रक्तातल्या रंगद्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले. स्टोक्सने १८६४ मध्ये दाखवले की हे द्रव्य प्राणवायू धरते व सोडते तेव्हा त्याचा वर्णपट बदलतो. धमनीतले रक्त लालभडक आणि शिरेतले काळपट का, याचे हे उत्तर. याचाच दुसरा अर्थ असा की रक्ताचा रंग मोजता आला, तर सुईवाचून प्राणवायू मोजता येईल.

१०/
१९३५ च्या सुमारास लाइपझिगमध्ये कार्ल माथेस याने कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून असे मोजमाप केले. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणारे वैमानिक प्राणवायूअभावी बेशुद्ध होत, म्हणून या विद्येला निकड आली. अमेरिकेत ग्लेन मिलिकन याने कानाला लावायचे हलके उपकरण बनवले आणि त्याला ‘ऑक्सिमीटर’ हे नाव दिले. मिलिकनची पत्नी क्लेअर ही जॉर्ज मॅलरीची मुलगी. १९२४ मध्ये एव्हरेस्टवरच्या विरळ हवेत गेलेल्या त्याच मॅलरीची. मिलिकन स्वतः १९४७ मध्ये गिर्यारोहण करताना अपघातात मृत्यू पावला.

११/
या कानाच्या उपकरणांची एक मूलभूत अडचण होती. पाळीतून येणारा प्रकाश फक्त रक्ताने कमी होत नाही. त्वचा, चरबी, कूर्चा आणि त्वचेतले मेलॅनिन हे सगळेच आपापला वाटा घेतात. त्यातून धमनीच्या रक्ताचा हिस्सा वेगळा कसा काढायचा? कोणी पाळी दाबून रक्त बाजूला सारत व आधी कोरी पाळी मोजत. कोणी ती तापवून रक्तप्रवाह वाढवत. १९७० च्या दशकात एका कंपनीने एकाऐवजी आठ तरंगलांबींचा प्रकाश वापरणारे कानाचे यंत्र आणले. ते चांगले चाले. पण अवजड आणि महाग होते, म्हणून प्रयोगशाळेबाहेर फारसे गेले नाही.

१२/
उत्तर सापडले ते टोकियोत, आणि तेही दुसरेच काही शोधताना. निहोन कोहडेन या कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी हृदयातून मिनिटाला किती रक्त वाहते हे मोजत होते. रक्तात रंग टोचायचा आणि कानाच्या पाळीतून येणाऱ्या प्रकाशावरून तो कसा पातळ होत जातो हे पाहायचे. परंतु नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरे. ही थरथर घालवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश घेतला व एकातून दुसरी वजा करण्याचा खटाटोप केला. रक्तातला प्राणवायू बदलला की वजाबाकी फिसकटे. येथे त्यांना उमगले की ज्याला आपण व्यत्यय समजतो, तेच प्राणवायूचे मापन आहे.

१३/
तर्क साधा आहे. ठोक्याबरोबर केवळ धमनीतले रक्त कमी-जास्त होते. त्वचा, हाड, शिरा जवळपास स्थिर राहतात. म्हणून प्रकाशातला फक्त हलणारा भाग घ्या, स्थिर भागाने त्याला भागा, आणि लाल व अवरक्त अशा दोन प्रकाशांतील गुणोत्तर काढा. पाळी दाबायला नको, तापवायला नको. आओयागींनी हे १९७४ मध्ये मांडले. १९८० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी छोटे दिवे व सूक्ष्म संगणक वापरून ते बोटावर आणले, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णाचा प्राणवायू सतत डोळ्यांसमोर राहू लागला. आज बोटावरचे उपकरण बहुधा ६६० व ९४० नॅनोमीटर हे दोन प्रकाश वापरते.

१४/
बोट झाले, मेंदूचे काय? येथे कथेत फ्रान्स योब्सिस येतो. मूळचा डच, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पेशींच्या श्वसनाचा अभ्यासक. त्याच्या आठवणीनुसार, जेवणाच्या टेबलावर मांसातले खांद्याचे चपटे हाड दिव्यासमोर धरले असता त्यातून लाल उजेड येताना दिसला. हाड जर लाल प्रकाश जाऊ देते, तर त्यापुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी जाऊ देईल का? २३ डिसेंबर १९७७ च्या ‘सायन्स’मध्ये त्याचा निबंध आला. शस्त्रक्रियेविना, कवटीच्या बाहेरून मेंदूतल्या प्राणवायूची स्थिती सतत नोंदवता येते, असे त्याने दाखवले.

१५/
ही जी फट योब्सिसला सापडली तिला आज वैद्यकीय प्रकाशशास्त्रात ‘खिडकी’ म्हणतात. निळा व हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन गिळून टाकते. म्हणून टॉर्चवरची बोटे लालच दिसतात. सुमारे ९५० नॅनोमीटरच्या पुढे पाणी प्रकाश गिळू लागते. मधल्या, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दोघांचेही शोषण कमी असते. सुमारे ८०० नॅनोमीटरला प्राणवायूयुक्त व प्राणवायूरहित हिमोग्लोबिन सारखेच प्रकाश शोषतात. तिच्या एका बाजूला एक वरचढ, दुसऱ्या बाजूला दुसरे. म्हणून दोन्ही बाजूंच्या तरंगलांबी घेतल्या की दोघांचे प्रमाण वेगळे काढता येते.

१६/
सर्वांत आधी ही खिडकी उघडली ती नवजात बाळांसाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तर आयुष्यभराचे व्यंग राहू शकते. ते बाळ काचपेटीतून काढून मोठ्या यंत्राकडे नेणे धोक्याचे. पण त्याची कवटी पातळ, डोके लहान. प्रकाश आरपार जाऊ शकतो. १९८५ मध्ये ड्यूकमधील चमूने आणि १९८६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ऑस्मंड रेनल्ड्स, डेव्हिड डेल्पी व सहकाऱ्यांनी आजारी नवजात बाळांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्डिनलच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली गेली त्याला दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती, आणि शहर तेच होते.

१७/
आता जुना शत्रू पुन्हा दारात आला. शोषणावरून हिमोग्लोबिनचे प्रमाण काढायचे, तर प्रकाश किती अंतर चालला हे माहीत हवे. काचेच्या नळीत हे अंतर म्हणजे नळीची जाडी. डोक्यात मात्र प्रकाश नागमोडी फिरतो. डेल्पी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अतिशय लघु लेसर-स्पंद सोडून तो पलीकडे पोहोचायला लागणारा वेळच मोजला. ऊतकात प्रकाशाला एक मिलिमीटर जायला सुमारे ५ पिकोसेकंद लागतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख-कोटीवा भाग. निष्कर्ष असा की प्रकाशाने चाललेली वाट सरळ अंतराच्या कित्येक पट लांब होती. विखुरणे प्रथमच आकड्यात आले.

१८/
अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियात ब्रिटन चान्स हेच करत होता. १९१३ मध्ये जन्मलेल्या या जीवभौतिकीतज्ज्ञाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवले होते. साठीत, सत्तरीत त्याने विखुरलेल्या प्रकाशाचा ध्यास घेतला. १९८९ मध्ये मायकेल पॅटरसन व ब्रायन विल्सन यांच्यासह त्याने ऊतकातल्या प्रकाश-स्पंदाचे सूत्र मांडले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ अर्जुन योध याच्यासोबत त्याने ही विद्या भौतिकशास्त्राच्या व्यापक वर्तुळापर्यंत नेली. २०१० मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी वारला तोवर तो संशोधनात मग्न होता.

१९/
सूत्र कोठून आले? आकाशातून. मँचेस्टरचा शुस्टर आठवतो ना? १९०५ मध्ये त्याने धुकट वातावरणातून प्रकाश कसा जातो यावर निबंध लिहिला. त्याच्या नजरेसमोर ताऱ्यांची वातावरणे होती. याच परंपरेत पुढे लाहोरला जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५० मध्ये प्रारणाच्या संक्रमणावरचा आपला प्रमाणग्रंथ प्रसिद्ध केला. ताऱ्याच्या आवरणातून धडपडत बाहेर येणारा प्रकाश आणि बाळाच्या मेंदूतून बाहेर येणारा प्रकाश यांचे मूळ समीकरण एकच आहे. खगोलशास्त्राने स्वतःच्या गरजेसाठी रचलेले गणित नवजात शिशू विभागात उपयोगी पडले.

२०/
आपटणी फार वाढल्या की हे अवघड समीकरण सोपे होते. अगरबत्तीचा सुगंध खोलीत पसरतो, शाईचा थेंब पाण्यात पसरतो, तसा प्रकाश मांसात पसरतो. याला विसरण म्हणतात. एकेका कणाची वाट सांगता येत नाही, पण लाखो कणांचा जमाव कसा पसरेल हे अचूक सांगता येते. कपाळावर एका ठिकाणी प्रकाश सोडून ३ सेंटिमीटरवर तो टिपला, तर तो मधल्या काळात केळ्याच्या आकाराच्या वाटेने आत जाऊन परत आलेला असतो. दोन बिंदूंतले अंतर वाढवा, वाट अधिक खोल जाते. धुके आता नुसता अडथळा राहिले नव्हते. ते मोजमापाचे वाहन झाले होते.

२१/
एवढ्यावरून चित्र कसे काढायचे? डोक्याभोवती अनेक दिवे व अनेक ग्राहक बसवायचे, एकेक दिवा लावून सर्व ग्राहकांवर काय पोहोचते ते नोंदवायचे, आणि मग उलटे गणित करायचे: आत कोठे किती रक्त असेल म्हणजे बाहेर नेमके हे आकडे येतील? असे उलटे गणित फसवे असते; वेगवेगळी चित्रे जवळपास सारखेच आकडे देतात. लंडनमध्ये सायमन अॅरिज याने या गणिताचा पाया घातला. जेम हेब्डन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूचे त्रिमितीय प्रकाशचित्र प्रसिद्ध केले.

२२/
मेंदूच्या कार्याकडेही हीच वाट गेली. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तेथे रक्त वाढते. १९९३ मध्ये जपान, जर्मनी व अमेरिकेतील वेगवेगळ्या गटांनी कपाळावरच्या प्रकाशावरून हा बदल टिपता येतो असे दाखवले. पुढे अमेरिकेतील सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील चमूने दाट जाळ्याची प्रकाश-टोपी विकसित केली. २०१४ मध्ये त्यांनी तिच्या साहाय्याने मेंदूत विद्युतयंत्र बसवलेल्या कंपवाताच्या रुग्णांचीही चित्रे घेतली. अशा रुग्णांना चुंबकीय यंत्रात नेणे अडचणीचे असते. प्रकाशाला धातूचे वावडे नाही.

२३/
मर्यादाही सांगायला हव्यात. प्रौढाच्या डोक्यात हा प्रकाश मेंदूच्या बाह्य थरापर्यंतच उपयोगी पडतो. खोलवरचे केंद्र त्याला दिसत नाही. चित्राचा बारकावा चुंबकीय चित्रासारखा नाही. केसांमुळे प्रकाश अडतो. स्तनाच्या तपासणीत ही विद्या परतली आहे, पण आता ती गाठीची सावली शोधत नाही. गाठीभोवती रक्त किती वाढले, प्राणवायू किती आहे आणि औषधाने त्यात फरक पडतो का, हे ती पाहते. कटलरने १९२९ मध्ये जे मागितले ते प्रकाशाने कधीच दिले नाही. प्रश्न बदलल्यावर मात्र तो बोलू लागला.

२४/
आता आपल्या दारात येऊ. २०२० साली आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यात प्रथमच ऑक्सिमीटर बोटाला लावला. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. पथके घरोघर जाऊन ताप व प्राणवायू तपासत होती. वाडीवस्तीच्या उंबरठ्यावर पथकातल्या आशा स्वयंसेविकेच्या हातातले ते छोटे यंत्र म्हणजे १८६४ चा वर्णपट आणि १९७४ ची थरथर यांचा एकत्र आलेला वारसा होता. त्याच वर्षी, १८ एप्रिल २०२० रोजी, ताकुओ आओयागी टोकियोत निवर्तले. जगभर लोक त्यांचे उपकरण शोधत होते. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते.

२५/
त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मायकेल स्योडिंग व सहकाऱ्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली होता, असे किती वेळा घडले? मिशिगनच्या नोंदींत गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे यंत्र ‘ठीक आहे’ म्हणत होते आणि माणूस गुदमरत होता. ही बाब नवी नव्हती. १९९० मध्येच अमल जुब्रान व मार्टिन टोबिन यांनी कृष्णवर्णीय रुग्णांतील या तफावतीची नोंद केली होती. तीस वर्षे ती ग्रंथालयात पडून राहिली.

२६/
कागदावर तर त्वचेचा रंग वजा व्हायला हवा. तो ठोक्याबरोबर हलत नाही. मग चूक कोठून आली? आओयागींचे गुणोत्तर थेट टक्केवारी देत नाही, कारण प्रकाश सरळ न जाता विखुरतो आणि साधे सूत्र तेथे कमी पडते. ही उणीव प्रयोगाने भरून काढली गेली. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांचे रक्त तपासून, गुणोत्तर व टक्केवारी यांचे कोष्टक बनवले आणि ते यंत्रात घातले. हे स्वयंसेवक बहुतांशी गोरे होते. दिव्याचा लाल रंगही शुद्ध एकाच तरंगलांबीचा नसतो. गडद त्वचा त्यातला काही भाग अधिक गिळते आणि कोष्टकाशी मेळ बिघडतो.

२७/
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये गडद त्वचेचे किमान दोन स्वयंसेवक वा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांतील जे अधिक असेल ते, असावेत असे सुचवले होते. दहा जणांत दोघे! २०२१ मध्ये त्यांनी उपकरणाच्या मर्यादांविषयी इशारा दिला, आणि जानेवारी २०२५ च्या मसुद्यात अधिक माणसांवर व त्वचेच्या सर्व छटांवर चाचणी घेण्याचे सुचवले. मेंदूवरच्या प्रकाश-टोप्यांनाही हाच प्रश्न लागू आहे. आपल्या देशात तर एकाच घरात त्वचेच्या चार छटा असतात. म्हणून हा प्रश्न परदेशातला म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

२८/
याचा अर्थ ऑक्सिमीटर फेकून द्यावा असा नाही. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. एकाच आकड्यापेक्षा तो दिवसभरात घसरतो आहे का हे पाहावे. आणि धाप लागत असेल, ओठ निळसर होत असतील, तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांकडे जावे. आकड्यामागे एक कोष्टक आहे, कोष्टकामागे काही माणसे आहेत, आणि ती माणसे कोण होती हे विचारण्याचा अधिकार वापरणाऱ्याला आहे.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली: एकाने कचरा म्हणून टाकलेले दुसऱ्याचे साधन होते. नाडीची थरथर आणि विखुरण्याचे धुके, दोन्ही आधी घालवून टाकायच्या यादीत होती. दुसरी: आपण दस्तऐवज हाती घेताना तो कोणी, कोणासाठी, कोणाला वगळून लिहिला हे विचारतो. यंत्रालाही तोच प्रश्न विचारायला हवा, कारण यंत्र हाही एक दस्तऐवज आहे.

आज रात्री टॉर्चवर बोटे धरून पाहा. तो लाल उजेड आता तुम्हाला थोडा ओळखीचा वाटेल.

(धागा समाप्त. प्रश्न असतील तर खाली जरूर विचारा.)